नवे महाविद्यालय, प्रवेश-अर्ज आणि मुलाखतीचे बोलावणे

मृग सरून आर्द्रा लागल्या, की नालवाडीतील आमच्या चिकित्सालयात रुग्णांच्या बरोबरीने आणखी एका प्रकारचे अभ्यागत येऊ लागतात. हातात प्लास्टिकची फाइल, तीत गुणपत्रिका व जातीचा दाखला, शेजारी अवघडून बसलेला मुलगा वा मुलगी, आणि बोलणारे वडील. यांत शेतकरी असतात, शिक्षक असतात, आपल्यासारखे वैद्य असतात आणि औषधालय चालविणारे स्नेहीही असतात. प्रश्न बहुधा दोनच असतात. ‘वैद्यराज, अमुक ठिकाणी नवे कॉलेज निघाले आहे, तेथे नाव टाकावे काय?’ हा पहिला. आणि ‘मुलाखतीचे बोलावणे केव्हा येते?’ हा दुसरा.

दोन्ही प्रश्न साधे वाटतात, परंतु त्यांच्या उत्तरावर एका मुलाची साडेपाच वर्षे आणि एका कुटुंबाची आयुष्यभराची बचत अवलंबून असते. आपल्या सभासदांना हे प्रश्न सर्वत्र विचारले जातात आणि लोक आपल्या शब्दावर विश्वास ठेवून निर्णय घेतात. म्हणून या विषयाचा क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

सेवाग्रामचे उदाहरण

नव्या महाविद्यालयात अर्ज करून बोलावण्याची वाट पाहणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण आमच्या जिल्ह्यातच घडले आहे. आमची नालवाडी आज वर्धा शहराला लागून गेली आहे; परंतु १९३२ साली विनोबा येथे राहावयास आले तेव्हा ते स्वतंत्र खेडे होते. १९३४ मध्ये येथे ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये जवळच दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम आरंभिले. त्याच वर्षी गांधीजी शेगावी, म्हणजे पुढे सेवाग्राम या नावाने प्रसिद्ध झालेल्या गावी, वास्तव्यास गेले. डॉ. सुशीला नायर यांनी तेथे ग्रामस्थांच्या उपचाराचे काम केले आणि कस्तुरबांच्या निधनानंतर त्यातूनच कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटीची स्थापना झाली आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या सुमारास, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात काढलेले देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाते. पहिल्या तुकडीत ६० विद्यार्थी होते.

त्या वर्षी अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. या महाविद्यालयातून बाहेर पडलेला एकही डॉक्टर त्याला दाखविता येत नव्हता. निकालाची परंपरा नव्हती. नागपूरसारख्या शहरातील प्रस्थापित महाविद्यालय सोडून खेड्यात का जावे, असे विचारणारे आप्त घरोघरी असणारच. निवड मुलाखतीने होत असे आणि मुलाखतीचे बोलावणे पोस्टाने यावयाचे. अर्ज टाकल्यापासून ते पत्र हाती पडेपर्यंत पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसणे, हे त्या पिढीतील कित्येक घरांनी अनुभवले.

मग त्या विद्यार्थ्यांनी विश्वास कशावर ठेवावयाचा? आमच्या मते याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते: महाविद्यालय नवे होते, परंतु रुग्णालय जुने होते. दोन दशकांहून अधिक काळ आसपासच्या खेड्यांतील बाया-माणसे तेथे उपचारासाठी येत होती. शिक्षणाचा आधार जो रुग्ण, तो आधीपासून तेथे होता. त्याच्याभोवती पुढे शिक्षण उभे राहिले.

दुसरी गोष्ट निवडीची. येथे येणाऱ्याला खादी वापरावी लागेल, शाकाहार पाळावा लागेल, श्रमदान करावे लागेल आणि खेड्यात जाऊन राहावे लागेल, हे संस्थेने आरंभापासून स्पष्ट ठेवले. प्रवेशानंतर सेवाग्राम आश्रमात संस्कार-शिबिर आणि प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घेणे, ही पद्धती पुढे रूढ झाली. मुलाखतीच्या जागी संस्थेची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आली, तेव्हाही गांधीविचारांची प्रश्नपत्रिका तीत ठेवण्यात आली. संस्थेला कोणता विद्यार्थी हवा हे संस्थेला ठाऊक होते. आणि आपण कोठे चाललो आहोत हे विद्यार्थ्यालाही ठाऊक होते. देशभर नीट ही एकच परीक्षा लागू झाल्यावर ती स्वतंत्र परीक्षाही बंद झाली.

उभयपक्षी परीक्षा

आयुर्वेदाला हा विचार नवा नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात अध्ययनाचा क्रम सांगताना प्रथम शास्त्राची परीक्षा, नंतर आचार्याची परीक्षा आणि त्यानंतर शिष्याची परीक्षा सांगितली आहे. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. शिष्य निवडला जाण्याआधी शिष्याने निवड करावयाची आहे. आचार्य शास्त्र नि:संदेह जाणणारा असावा, त्याने कर्म प्रत्यक्ष पाहिलेले असावे, त्याच्यापाशी उपकरणे असावीत, असा त्या विवेचनाचा आशय आहे. सुश्रुताचार्यांनी तर योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, भोपळा यांसारख्या फळांवर छेदनाचा अभ्यास करावयास लावला आहे आणि पाठ असूनही हाताने न केलेला मनुष्य कर्मास अयोग्य ठरविला आहे.

आजच्या भाषेत बोलावयाचे तर अध्यापकवर्ग, रुग्णालय आणि प्रात्यक्षिकाची साधने या तीन गोष्टींची परीक्षा विद्यार्थ्याने अर्जापूर्वीच करावयाची आहे. आपण मात्र मुलाला ‘तुला घेतील का?’ एवढेच विचारतो. ‘घेण्यासारखे तेथे काय आहे?’ हा प्रश्न राहून जातो.

मुलाखत आता नाही

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. बी. ए. एम. एस. च्या प्रवेशासाठी आज मुलाखत नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय, त्यांत खुल्या प्रवर्गास किमान ५० टक्के व राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण, आणि नीट परीक्षेत ठरविलेली पात्रता, हा पाया आहे. राज्यातील जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत गुणवत्तेनुसार भरल्या जातात. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठांतील जागा यांसाठी केंद्रीय आयुष मंत्रालयाची समुपदेशन समिती स्वतंत्र फेऱ्या घेते. विद्यार्थ्याने नोंदणी करावयाची, कागदपत्रे पडताळून घ्यावयाची, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावयाचा आणि प्रत्येक फेरीच्या यादीची वाट पाहावयाची, असा हा क्रम आहे. पूर्वी पोस्टमनची वाट पाहत, आता रात्री उशिरापर्यंत संगणकाच्या पडद्याकडे पाहत बसतात, एवढाच फरक.

यातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो आणि तो प्रत्येक सभासदाने आपल्या परिसरात सांगावा अशी आमची विनंती आहे. ‘मुलाखतीचे बोलावणे येईल, संचालकांना भेटा, जागा पक्की करून देतो’ असे कोणी म्हणत असेल, तर तेथेच थांबावे. खासगी महाविद्यालयांतील संस्थास्तरीय जागांसाठीही नीटमधील गुणवत्ता डावलता येत नाही. प्रवेशासाठी देणगी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे आणि खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाकडून ठरते. पावतीविना दिलेला रुपया परत मिळत नाही आणि त्यावर मिळालेला प्रवेशही टिकेल याची शाश्वती नसते.

घोषणा, परवानगी आणि प्रवेश

‘नवे कॉलेज निघाले’ या वाक्याचे तीन भिन्न अर्थ होतात आणि तिन्ही एकच समजल्याने घोटाळा होतो. पहिली पायरी घोषणेची. दुसरी पायरी परवानगीची. तिसरी, प्रवेशप्रक्रियेत त्या महाविद्यालयाचे नाव प्रत्यक्ष येण्याची.

आमच्याच जिल्ह्याचे ताजे उदाहरण आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने ज्या जिल्ह्यांसाठी नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मंजूर केली, त्यांत वर्ध्याचे नाव होते. जिल्ह्यात आनंद झाला; ते कोठे असावे यावरून हिंगणघाटात आंदोलनही झाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत अमरावती, गडचिरोली, भंडारा, बुलढाणा, वाशीम ही विदर्भातील नावे होती, वर्ध्याचे नव्हते. २०२३ ची बातमी वाचून ज्याने आपल्या मुलाला घराजवळ प्रवेश मिळेल असे धरून ठेवले असेल, त्याचा हिशेब चुकला. यात बातमी खोटी नव्हती. घोषणा व प्रवेश यांतील अंतर वाचणाऱ्याने मोजले नव्हते.

आयुर्वेद महाविद्यालयांबाबत हे अंतर अधिक काटेकोरपणे पाहावे लागते. पूर्वी केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषद होती. २०२० च्या कायद्यानुसार २०२१ पासून भारतीय चिकित्सापद्धती राष्ट्रीय आयोग तिच्या जागी आला. नवे महाविद्यालय काढावयास, नवा अभ्यासक्रम सुरू करावयास वा जागा वाढवावयास पूर्वपरवानगी लागते आणि परवानगीविना मिळालेली पदवी व्यवसायनोंदणीस उपयोगी पडत नाही. म्हणून पालकाने तीन कागद पाहावेत: चालू शैक्षणिक वर्षाचे परवानगीपत्र, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता, आणि प्रवेश कक्षाच्या यादीत त्या वर्षी दाखविलेल्या जागा. ‘परवानगी येतच आहे’ हे शब्द कागद नव्हेत. गतवर्षीचे पत्रही या वर्षाचे पत्र नव्हे. गेल्या दोन दशकांत अनेक महाविद्यालयांची परवानगी एखाद्या वर्षापुरती अडली आणि मुले न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत बसली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

रुग्णालय पाहावे

कागद नीट असले तरी काम संपत नाही. विद्यार्थी कागदावर शिकत नसतो. सेवाग्रामच्या उदाहरणावरून जे सूत्र निघाले ते येथे लावावे: महाविद्यालय नवे असो, रुग्णालयाला रुग्णांची सवय आहे काय? ६० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास किमान ६० खाटांचे रुग्णालय असावे लागते. खाटा मोजता येतात. त्यांवर रुग्ण आहेत काय हे पाहावयास मात्र सकाळी, आगाऊ न कळविता, साध्या वेशात जावे लागते. बाह्यरुग्ण विभागात बसलेली माणसे आसपासच्या गावांतील आहेत काय, केसपेपरावर निरनिराळी हस्ताक्षरे आहेत काय, प्रसूतिकक्षाला वापराचा वास आहे काय, पंचकर्म विभागातील द्रोणीला तेलाचा ओशटपणा आहे काय, हे पाहणाऱ्याला पाच मिनिटांत कळते.

या कामी औषधालय चालविणाऱ्या आपल्या बांधवांचा उपयोग फार मोठा आहे आणि तो आजवर कोणी करून घेतलेला नाही. ज्या रुग्णालयात ६० खाटा भरलेल्या असतात तेथे औषधांची उचल नियमित होते. तिळाचे तेल, काढ्यांची भरड, गुग्गुळ कल्प, आसव-अरिष्टे, कापूस, बांधणपट्ट्या यांची मागणी महिन्यामागून महिना चालते. जेथे मागणी तपासणीच्या आठवड्यातच येते आणि एरवी महिनोन् महिने येत नाही, तेथे खाटांवर कोण झोपते याचा तर्क करणे कठीण नाही. घाऊक विक्रेत्याला हे नोंदवहीवरून समजते. आपल्या ग्राहकाची नोंदवही चव्हाट्यावर मांडावी असे आम्ही सुचवीत नाही. परंतु शेजारच्या मुलाने विचारले असता ‘जा’ किंवा ‘थांब’ एवढा एक शब्द सांगण्याने व्यापारधर्म मोडत नाही.

आपल्या नावाचा प्रश्न

येथवर आम्ही इतरांकडे बोट दाखविले. आता स्वत:कडे वळणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका औषधालय-चालकांची कन्या परजिल्ह्यातील एका नव्या आयुर्वेद महाविद्यालयाचे नाव पसंतीक्रमात वर टाकावे काय, असे विचारावयास आली. तिला घेऊन आम्ही ते पाहावयास गेलो. इमारत उत्तम होती. दर्शनी भागात अध्यापकांच्या नावांचा फलक होता. कन्येने तो वाचता वाचता एका नावावर बोट ठेवून विचारले, ‘काका, हे तर आपल्याकडचेच ना? आपण येताना त्यांचा दवाखाना उघडा होता.’ तो उघडा होता हे आम्हीही पाहिले होते. त्या घटकेला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिने ते नाव पसंतीक्रमातून काढले, दुसऱ्या फेरीची वाट पाहिली, तिसऱ्या फेरीत एका जुन्या, साध्या इमारतीच्या महाविद्यालयात तिला जागा मिळाली.

ज्यांचे नाव त्या फलकावर होते त्यांना दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही. कारण तसाच निरोप एकदा आमच्याकडेही आला होता. मूळ प्रमाणपत्रे द्यावीत, तपासणीच्या दिवशी हजर राहावे, बाकी काही करावे लागणार नाही. दरमहा रक्कम मिळेल. त्या वर्षी घराचे बांधकाम चालू होते. आम्ही नकार दिला हे खरे. परंतु तो देण्यास आम्हाला दोन दिवस लागले, हेही तितकेच खरे. त्या दोन दिवसांत आम्ही रकमेचा विचार केला, शिष्याचा केला नाही. फलकावरील नावावर बोट ठेवणारी ती मुलगी आम्हाला त्या वेळी भेटलेली नव्हती.

अध्यापकांना विशिष्ट क्रमांक देणे, आधारशी जोडलेली हजेरी घेणे, असे उपाय आता आयोगाने योजिले आहेत. ते स्वागतार्ह आहेत. परंतु यंत्राला बोटाचा ठसा कळतो; त्या बोटाने नाडी धरून विद्यार्थ्याला दाखविली काय, हे यंत्राला कळत नाही. जो पदवीधर कागदावरच्या आचार्यांकडून शिकून येईल तो उद्या आपल्याच शेजारी पाटी लावील. त्याच्या हातून रुग्ण बिघडला तर ‘आयुर्वेदाने बिघडला’ असेच लोक म्हणतील. औषधालयातून औषध नेणारा त्याची चिठ्ठी घेऊनच येईल. म्हणजे हा प्रश्न केवळ नीतीचा नाही. आपल्या सर्वांच्या व्यवसायाच्या पतीचा आहे.

सभासदांनी दोन गोष्टी कराव्यात असे आम्हास वाटते. एक, जेथे आपण शिकविणार नाही तेथे आपले नाव देऊ नये. दुसरी, ज्यांना खरोखर शिकविण्याची हौस आहे, पदव्युत्तर पात्रता आहे, त्यांनी नव्या महाविद्यालयात रीतसर अर्ज करावा, मुलाखतीस जावे आणि पूर्ण वेळ द्यावा. मुलाखतीचे बोलावणे आता विद्यार्थ्यास येत नाही. अध्यापकास मात्र येते. नव्या महाविद्यालयाला चांगले विद्यार्थी हवे असतील तर त्याला आधी चांगले वैद्य मिळाले पाहिजेत आणि ते आपल्यातूनच जावयाचे आहेत.

वाट पाहण्याचा काळ

शेवटी वाट पाहणाऱ्या मुलांविषयी. नीटचा निकाल आणि आयुर्वेदाच्या अखेरच्या फेऱ्या यांत कित्येक महिने जातात. या काळात मुले घरात कोंडून राहतात, पालक चिडतात. आम्ही येणाऱ्यांना तीन कामे सांगतो. पहिले, संस्कृताचा पाया घालावा. प्रथम वर्षात पदार्थविज्ञान व संहिता यांत जी अडखळ होते ती निम्मी कमी होते. दुसरे, आठवड्यातून दोन दिवस आपल्यापैकी कोणाच्या तरी चिकित्सालयात वा औषधालयात येऊन बसावे, हिरडा, बेहडा, आवळा यांपासून आरंभ करून द्रव्ये ओळखावीत, रुग्णाशी कसे बोलतात हे ऐकावे. काहींना येथेच कळते की हे आपले काम नव्हे. असे वेळीच कळणे हाही लाभच. तिसरे, पसंतीक्रम भरताना जेथे जावयाचे नाही त्या महाविद्यालयाचे नाव भरू नये आणि फेरीनिहाय प्रवेश सोडण्याचे नियम आधी वाचावेत. कारण मिळालेली जागा उशिरा नाकारल्यास अनामत जाते आणि काही फेऱ्यांनंतर पुढचे दारही बंद होते.

एक वर्ष थांबणे हा अपमान नव्हे, हे पालकांना समजावून सांगण्याचे काम आपले आहे. साडेचार वर्षांचा अभ्यास, एक वर्षाची आंतरवासीयता आणि त्यानंतरची तीस-चाळीस वर्षांची चिकित्सा यांपुढे ते वर्ष लहान आहे. पाहून, विचारून, खात्री करून नव्या महाविद्यालयात जाणाऱ्याला आम्ही निश्चितपणे ‘जा’ म्हणतो. प्रत्येक जुने महाविद्यालय एके काळी नवेच होते आणि पहिल्या तुकडीला मिळणारा आचार्यांचा सहवास पुढच्यांना क्वचितच मिळतो.

या पावसाळ्यातही अभ्यागत येतील. फाइल उघडून गुण पाहण्यापूर्वी त्यांना आपण एवढेच विचारावे: ‘तेथले रुग्णालय पाहून आलात काय?’ पाहिले नसेल, तर एक सकाळ मोकळी काढून त्यांच्याबरोबर जावे. आपल्या संघटनेच्या सभासदाकडून समाजाने एवढी अपेक्षा ठेवणे गैर नाही. इत्यलम्.